पितराच्या पाटावरचे साहेब

उच्च न्यायालयाच्या आदेशाचं पालन माझ्या बाबतीत एका कोठीत झालं. शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या त्या खोलीत खेळाचं सामान ठेवत. चुन्याची पोती, गुंडाळलेल्या सतरंज्या, हवा गेलेले चेंडू. चामड्याचा आणि कुबट सुताचा वास तिथे इतका मुरलेला होता की घरी आल्यावर पदर झटकला तरी तो जाईना. एक खुर्ची, एक टेबल, आणि उंचावर एक झरोका. झरोक्यातून उजेडापेक्षा आवाजच जास्त येत: कुंपणापलीकडच्या घरांतल्या पॉवरलूमची अखंड खटखट, आणि भिंतीपलीकडच्या वर्गात मुलींनी एका सुरात म्हटलेली संस्कृतची रूपं.

त्या मुली माझ्या होत्या. म्हणजे मराठीच्या होत्या. मी नव्हते म्हणून त्यांना संस्कृतच्या वर्गात बसवलं होतं, आणि मी आले तरी तिथून उठवलं नव्हतं.

मी या शाळेत मराठी शिकवत आले. बुऱ्हाणपुरात घराघरांत मराठी बोलतात, पण ती हिंदीच्या खांद्यावर हात टाकूनच चालते. वाक्य मराठीत उठतं आणि हिंदीत बसतं. तिला उभं राहायला एक तास, एक फळा आणि थोड्या मुली लागतात, एवढंच माझं काम. ऐन सत्रात माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी झाली. त्या शाळेत मराठी हा विषयच नव्हता. इथलं माझं पद रिकामं आणि तिथे मी रिकामी. यजमानांचं बुधवारा बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या एका वकिलांनी सांगितलं म्हणून आम्ही जबलपूरला उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने बदली रद्द केली आणि मला मूळ पदावर काम करू द्यावं असं स्पष्ट लिहिलं.

तो आदेश मी आमच्या खात्याच्या जिल्ह्यातल्या साहेबांना नेऊन दिला. साहेब उत्तरेकडचे, मऊ आवाजाचे, बोटांत पेन फिरवत बोलणारे. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला.

“मैडम, आदेश जज साहब देते हैं. स्कूल हम चलाते हैं,” ते म्हणाले, आणि चहा मागवला.

पुढचे महिने आदेश ‘मार्गदर्शनासाठी वर’ जात राहिला. वर कुठे, ते कोणी सांगितलं नाही. अखेर वकिलांनी अवमान याचिका दाखल केली. नोटीस निघाली, तेव्हा कुठे मला शाळेत रुजू करून घेतलं. हजेरीपटावर सही, महिन्याला पगार, आणि बसायला ही कोठी. वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. मुख्याध्यापिकेला विचारलं, तर ती बिचारी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “वरून यादी येईल. तोवर बसा ना तुम्ही आरामात.”

त्या आरामाची भीती मला एप्रिलमध्ये कळली. आमच्याकडे नवं सत्र एप्रिलमध्ये उघडतं आणि महिना संपता संपता मुलींचे विषय ठरतात. मराठीला मुली उरल्या नाहीत तर मराठीचं पद आपोआप मिटतं. मग न्यायालयाचा आदेश खरा राहील, आणि त्यात लिहिलेली जागाच नाहीशी होईल. साहेबांना मला घालवायची गरज नव्हती. त्यांना फक्त एप्रिल घालवायचा होता.

दोरीच्या उड्यांची दोरी घ्यायला आलेली नववीची एक मुलगी दारात घुटमळली.

“मॅडम, तुमचा पीरियड कधी लागणार?”

“लागेल.”

“पप्पा बोलले, मॅडमचंच ठिकाण नाही, तर तू मराठी घेऊन काय करशील? संस्कृतच राहू दे.” मग खाली पाहून म्हणाली, “सोमवारपर्यंत सांगायचंय.”

मी तिला दोरी दिली. त्यापलीकडे देण्यासारखं माझ्या हाती काही नव्हतं.

सुनावणीची तारीख जवळ आली. न्यायमूर्तींनी या खेपेला साहेबांना स्वतः हजर राहायला सांगितलं होतं. वकिलांनी फोन करून बजावलं, “आता ते तुमच्याकडे येतील बघा. आरोप ठेवले जाण्याआधी सगळेच येतात. दारातच बोला. घरात घेऊ नका, चहासुद्धा देऊ नका. आणि कशालाही हो म्हणू नका.”

मी हो म्हटलं. पण अखाजी मधेच होती, हे वकिलांना कोण सांगणार?

अक्षय तृतीयेला आम्ही तापीकाठची माणसं अखाजी म्हणतो. माहेरवाशिणींचा आणि पितरांचा एकाच दिवशी असणारा असा दुसरा सण मला ठाऊक नाही. बाहेर निंबाला झोका बांधलेला, त्यावर लेकी गाणी म्हणत आकाशाला पाय लावतात. आणि आत गेलेल्या माणसाच्या नावाने घागर पूजली जाते. नव्या मातीची घागर, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. घागरीला पाणी लागलं की मातीचा तो गार वास घरभर पसरतो. खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात, आमरस पातेल्यात गार करत ठेवतात, कुरडया तळल्या जातात. निखाऱ्यावर तूप-भाताचा घास ठेवला, तो धुपला, की गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवायचा आणि पोटभर वाढायचं. तोच त्या दिवशीचा पितर. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं. आणि तो उठेपर्यंत त्याला कशालाही नाही म्हणायचं नाही. रागाचा, वादाचा, तक्रारीचा शब्द त्याच्या कानी पडला तर ज्याच्या नावाने तो जेवतो, तो अर्ध्या जेवणातून उठून जातो, असं मानतात.

सासऱ्यांच्या जागी दर वर्षी त्यांचे एक जुने मित्र बसायचे. दोघे एकाच गिरणीत होते. या वर्षी त्यांना उन्हाची लू लागली. त्यांच्या सुनेचा निरोप आला तेव्हा निखाऱ्यावरचा घास धुपून गेला होता. सासूबाई ताटासमोर उभ्या. मांड्यांची वाफ निघून चालली होती. पाट रिकामा होता, आणि सासूबाई त्याच्याकडे अशा पाहत होत्या, जसं कोणी बसलेल्या माणसाला ‘थांबा हं’ म्हणतं.

“शेजारी बघून येतो,” यजमान म्हणाले.

“आज कोण रिकामं बसलंय रे? ज्याच्या त्याच्या घरी पितर आहे.”

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. उन्हातून साहेब आले. हातात माव्याच्या जिलेबीचा डबा, मागे ड्रायव्हर. उंबऱ्याशी चपला काढत, हात जोडून ते हसले.

“माताजी, त्योहार के दिन आया हूँ. दो मिनट.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. हे कोण, हे त्यांना पक्कं माहीत होतं. महिनोन्‌महिने आमच्या जेवणात त्यांचंच नाव होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“बराबर वेळेवर आले. पाय धुवा.”

“अरे, तकलीफ़ मत कीजिए.”

“तकलीफ कायची? बसा.” आणि मला, ओठ न हलवता, “तू आता काही बोलू नको माय. उठेपर्यंत घरात आवाज नको.”

यजमानांच्या हातातला तांब्या थांबला होता. पण तेही याच घरात वाढलेले. त्यांनी साहेबांच्या पायांवर पाणी घातलं. सासूबाईंनी गंध लावलं. साहेब पाटावर बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान उतरलं की मला माझ्याच घरात परकं वाटलं. त्यांना आपण कोणाच्या जागी बसलो आहोत याची कल्पना नव्हती. आपण जिंकलो आहोत, एवढंच त्यांना कळत होतं.

मांडा मोडला, रसात बुडवला. “वाह,” म्हणाले. ड्रायव्हर दाराशी मोबाइल धरून उभा होता. एक टिक, दुसरी टिक. चित्रात काय येत असेल ते मला दिसत होतं: पाटावर हसरे साहेब, कपाळावर ओलं गंध, आणि पदर घेऊन रस वाढणारी मी.

“मैडम,” ते जेवता जेवता म्हणाले, “घर की बात घर में रहे तो अच्छा. आप तो आ ही गईं अपने स्कूल में. हम लिखवा देते हैं कि पालन हो गया, मैडम को कोई शिकायत नहीं. ठीक?”

पळी माझ्या हातात होती. रसाचा एक थेंब तिच्या काठावर जमला, लांबला आणि तुटला. माझ्या जिभेवर एकच शब्द होता, आणि तो बाहेर पडला तर एका गेलेल्या माणसाचं ताट मोडणार होतं. तो माणूस मला आठवत होता. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी पुस्तकांची पेटी त्यांनी स्वतः उचलून आत नेली होती, आणि ‘हिला हिच्या पेटीजवळ खिडकी पाहिजे,’ असं म्हणाले होते.

“ठीक?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“रस घ्या अजून,” मी म्हणाले.

ते मोकळं हसले. “बस, हो गया.”

गाडी वळणाआड गेल्यावर यजमान प्रथमच बोलले. “माय, हे काय केलं तू? वकिलाने काय सांगून ठेवलं होतं?”

“वकिलाच्या घरी अखाजी असते काय?”

“पण हाच माणूस?”

“दारात कोण येईल ते मी ठरवते का? तुझे बाबूजी आज भुके गेले असते.” त्यांनी उष्ट्या ताटाला हात लावला, मग थांबल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “साफ खाल्लं मात्र. एक शीत टाकलं नाही.” जिलेबीचा डबा त्यांनी उघडलाच नाही, झोक्यावरच्या पोरींना नेऊन दिला.

शपथपत्र पुढच्याच दिवशी आलं. वकिलांनी ते मोबाइलवर पाठवलं आणि मी कोठीत, चुन्याच्या पोत्याशेजारी बसून वाचलं. आदेशाचं पूर्ण पालन झालेलं असून याचिकाकर्तीने अधिकाऱ्यास स्वगृही भोजनास बसवून सहकुटुंब समाधान व्यक्त केलं आहे, तक्रार नसल्याविषयी विचारलं असता नकार दिलेला नाही, सोबत छायाचित्र. छायाचित्र खरं होतं. त्यातला एकही रंग खोटा नव्हता.

“मॅडम, हे काय आहे?” वकिलांनी विचारलं.

“अखाजी.”

“हे मी न्यायमूर्तींना कसं सांगू?” ते म्हणाले. “त्यांनी विचारलं तर तुम्हीच सांगा. विचारलं नाही, तर याचिका इथेच निकाली निघेल.”

जबलपूरला आम्ही उतरलो तेव्हा पहाट नुकती उजाडत होती. यजमान वाटभर दुकानाची किल्ली मुठीत धरून बसले होते, ती शेजाऱ्याकडे द्यायची राहून गेली होती. न्यायदालनात गार हवा होती. कागद उलटल्याची, काळ्या कोटांची, दबक्या खोकल्यांची कुजबुज. साहेब पुढे उभे. आज त्यांच्या बोटांत पेन नव्हतं.

आमचं प्रकरण पुकारलं गेलं आणि त्यांच्या वकिलांनी छायाचित्र पुढे केलं. दोनच वाक्यांत बोलले: पालन झालेलं आहे, संबंध सौहार्दाचे आहेत. न्यायमूर्तींनी ते छायाचित्र जवळ घेऊन पाहिलं. माझ्या वकिलांनी उठून सांगितलं की याचिकाकर्ती हजर आहे.

“यह आपका घर है?” न्यायमूर्तींनी मला विचारलं.

“जी.”

“आपने इन्हें भोजन कराया?”

“जी.”

“इन्होंने पूछा कि शिकायत तो नहीं, और आपने मना नहीं किया. ऐसा लिखा है.”

“जी. मैं चुप रही.”

“चुप क्यों रहीं?”

मागे कोणीतरी वेगळ्याच प्रकरणाचे कागद जुळवत होतं. तो आवाज थांबल्यासारखा वाटला. मी शिकवताना वापरते तोच आवाज शोधत होते, आणि तो कित्येक महिन्यांत वापरला नव्हता.

“हमारे यहाँ अखाजी को जो उस पाट पर बैठता है, उसे ना नहीं कहते. वह उस दिन मेरे ससुर की जगह बैठा होता है. ससुर अब नहीं हैं.”

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. “यानी यह दावत नहीं है. श्राद्ध है.”

“जी.”

कुठेतरी दाबलेलं हसू फुटायला आलं आणि न्यायमूर्तींच्या नजरेने तिथेच विझलं. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर, जिथे गंध लावलं होतं तिथे, त्यांचा हात नकळत गेला.

“अब ये उस पाट पर नहीं बैठे हैं,” न्यायमूर्ती म्हणाले. “अब कहिए.”

“पालन नहीं हुआ.”

त्यानंतर प्रश्न मला नव्हते. यांचा तास कितवा? साहेबांनी आपल्या वकिलांकडे पाहिलं. कोणता वर्ग? वकिलांनी कागद चाळले. या बसतात कुठे?

“स्टाफ रूम में, सर.”

“खेल के सामान की कोठरी में,” मी म्हणाले. विचारलं नसताना बोलले, आणि कोणी मला थांबवलं नाही.

साहेबांचे वकील वेळापत्रकातल्या तांत्रिक अडचणींविषयी बोलू लागले, ते न्यायमूर्तींनी अर्ध्यावर तोडलं. बाईंना शाळेत आणून बसवणं आणि कामावर घेणं यांत फरक असतो, असं ते म्हणाले, आवाज मुळीच न चढवता. साहेबांची क्षमायाचना त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. शाळा भरेल त्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला मला वर्ग द्यायचा, ते स्वतः साहेबांनी उभं राहून पाहायचं, आणि मग पुढच्या तारखेला माफीचं बघू. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. इतकंच. मला वाटलं होतं की अशा क्षणी काहीतरी मोठा आवाज होईल.

घरी सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या, गुडघ्यांना हात बांधून.

“बोलली काय तू?”

“बोलले.”

“काय बोलली?”

“बाबूजींच्या जागी बसवलं होतं म्हणून सांगितलं.”

त्यांनी अखाजीच्या घागरीतलं पाणी मला दिलं. उन्हाळाभर आम्ही त्याच घागरीतलं पितो. मी पेला संपवेपर्यंत त्या माझ्या गळ्याकडे पाहत होत्या.

“कोर्टात सगळ्यांसमोर नाव घेतलं त्यांचं?”

“नाव नाही घेतलं. सासरे म्हटलं.”

“हां,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, “पण पुढच्या साली तोच माणूस बसवावा लागतो का, ते एकदा भटजीला विचारून ये रे बाबा.” यजमान त्या साऱ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या सकाळी शाळेत माझ्या आधी साहेबांची गाडी उभी होती. मुख्याध्यापिकेच्या हातात वेळापत्रक, त्यावर ताज्या शाईने लिहिलेलं माझं नाव. भिंतीपलीकडचा तोच वर्ग. संस्कृतच्या बाई उठून गेल्या, जाताना खडू माझ्या हातात ठेवून गेल्या. बऱ्याच मुली त्यांच्याबरोबर उठल्या. त्यांचं ठरून गेलं होतं. उरल्या त्या पुढच्या बाकांवर सरकल्या. दोरी मागायला आलेली मुलगी उठून दारापर्यंत गेली, तिथून परत आली आणि कडेच्या बाकावर बसली. तिच्या वडिलांना काय सांगणार, ते मी विचारलं नाही. पद टिकायला पुरेशा होत्या, एवढं मुख्याध्यापिका हळूच म्हणाली.

साहेब दारात उभे होते. आत आले नाहीत. मी फळा पुसत होते तेव्हा त्यांनी हलकेच विचारलं, “मैडम, वो सच था? जो आपने कोर्ट में कहा?”

“हो.”

“मुझे मरे हुए आदमी की जगह खिलाया?”

त्यांच्या आवाजात राग शोधला तर होता, पण त्याखाली दुसरंच काही होतं. आपल्याला ज्या घरात मान मिळाला तो कसला होता, हे कोणाला तरी विचारून घ्यावं अशी गरज. मला ते कळलं, आणि कळल्याचं वाईट वाटलं.

“माझ्या सासऱ्यांची जागा आहे ती,” मी म्हणाले. “तिथे आम्ही कोणालाही असंच बसवत नाही. त्या दिवशी मी तुम्हाला खरोखरच नाही म्हणू शकत नव्हते.”

“और आज?”

बाहेर लूम चालूच होते. मुली वाट पाहत होत्या. त्यातल्या एकीने वही उघडून वर तारीख लिहिली होती, मराठीत.

“आज माझा तास सुरू झालाय, साहेब,” मी म्हणाले, आणि दार लोटून घेतलं.